फक्त किती, कुठे नाही

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी कोपऱ्यावरच्या दुकानात काय महाग झालं तेसुद्धा सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता पोटात मावत नाही म्हणून.

माझं काम रस्त्यांचं. रस्ते बांधायचं नव्हे, त्यांच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा ते शोधायचं. पेट्रोल भरणारा माणूस पेट्रोलवरच्या करातून रस्त्याला हातभार लावतो. विजेवरची गाडी तोच रस्ता झिजवते, पण तो कर काही भरत नाही. मग अशा गाड्यांना किलोमीटरप्रमाणे आकार लावला तर? बेंगळुरूत आम्ही त्याची चाचणी घेतली. पैसे घ्यायचे नव्हते, नुसतं मोजायचं होतं. गाडीत काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं, बस्स. लोक विचारायचे, आम्ही कुठे जातो ते तुम्हाला कळणार का? मी हसून सांगायचे — छे, फक्त किती, कुठे नाही.

खोटं होतं ते. टेक पार्कच्या आवारातले रस्ते खासगी, राज्याबाहेरचे आपले नव्हेत. ते किलोमीटर वजा करायचे तर गाडी कुठे आहे हे कळायलाच हवं. कळत होतं. माझ्या टेबलावर, नकाशावर, स्वच्छ दिसत होतं. पण खरं सांगितलं असतं तर यंत्र बसवून घेतलं असतं कुणी?

तरीही माणसं मिळेनात, तेव्हा मी अण्णाला गळ घातली. अण्णा माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून बसवनगुडीच्या घरात एकटा. मुलगी वीणा इलेक्ट्रॉनिक सिटीत. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्याचा डबा माझ्याकडून जातो. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. "बरं सुमा, तू म्हणतेस ना? मग बसव," म्हणाला आणि त्याच्या विजेवरच्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली.

गुरुवारी मात्र त्याला डबा नको असायचा. केशवण्णांकडे जेवतो म्हणायचा. केशवण्णा त्याचे शाळेपासूनचे मित्र, राहायला हाकेच्या अंतरावर. आणि नकाशावर गुरुवारी त्याची स्कूटर मारतहळ्ळीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दर गुरुवारी, त्याच एका घरासमोर, संध्याकाळपर्यंत.

मी बघायला नको होतं — पण बघितलं. एकदा नव्हे, बघतच राहिले. आणि मला काय वाटलं सांगू? काळजी नाही वाटली. राग आला. मी याच्यासाठी सकाळी उठून पोळ्या लाटते आणि हा मला थापा मारून कुठेतरी भलतीकडे जेवतो? सख्ख्या बहिणीला सांगावंसं वाटलं नाही याला? लाज वाटावी असा राग होता, पण तेव्हा लाज वाटली नाही. मी वीणाला बोलावलं आणि तिला नकाशा दाखवला. माझं नाव घेऊ नकोस, यंत्राचंही काढू नकोस, एवढं मात्र बजावलं.

वीणा पुढच्याच गुरुवारी तिथे गेली. अण्णा एका बाईंसोबत अवरेकाईच्या शेंगा सोलत बसला होता. शारदम्मा — त्याच्या जुन्या ऑफिसातल्या, त्यांचंही कुणी उरलेलं नाही. दोन म्हातारी माणसं, मध्ये शेंगांनी भरलेली सुपली. एवढंच. वीणा दारातच वाट्टेल ते बोलली. शेजारीपाजारी बाहेर आले. शारदम्मांनी अण्णाला सांगून टाकलं, पुन्हा येऊ नका.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे आला आणि रडला. वहिनी गेली तेव्हाही तो माझ्यासमोर रडला नव्हता. "सुमा, केशवला सोडून कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हतं गं. त्यानंच सांगितलं असणार." यंत्राचा संशय त्याला शिवलासुद्धा नाही. कसा शिवेल? मी सगळ्यांनाच शब्द दिला होता ना, फक्त किती, कुठे नाही.

तोंड उघडायची तीच वेळ होती. आणि मी तोंड उघडलं. म्हणाले, "केशवण्णांना सांगायलाच नको होतंस तू."

हे मी म्हणाले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले.

अण्णानं केशवण्णांशी बोलणं तोडलं. काही दिवसांनी केशवण्णा आमच्या दारात उभे. आत येऊन बसले, कॉफी तशीच निवत राहिली. "सुमा, माझ्या तोंडून एक अक्षर गेलेलं नाही. तो तुझंच ऐकतो. तू जरा बोलून बघ की." मी म्हणाले, बोलते. त्यांना इतकं बरं वाटलं, की जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी बोलले नाही. का? अण्णा माझं तोंड बघणार नाही, ही भीती. दुसरं काही नाही.

अण्णा आता कुठेच जात नाही. मला म्हणतो, माझी अशी तूच एक आहेस. मला ते ऐकायला आवडतं — हेही सांगून टाकते. आणि केशवण्णा बाजारात भेटले की अजून विचारतात, बोललीस का गं त्याच्याशी?

मी म्हणते, बोलले हो. पण तो तुमचं नावसुद्धा ऐकून घेत नाही.