पाय पाहणारे दाजीमास्तर

दाजीमास्तर माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, पायांकडे पाहत. कोणी बडा मानकरी शाळेत आला तरी मास्तरांची पगडी खाली झुकलेली. पाहणाऱ्याला वाटे, काय हा विनय! तो विनय नव्हता. मानकऱ्याचा डावा जोडा बाहेरच्या अंगाला झिजला आहे, म्हणजे गुडघा गेला आहे, एवढे पाहून होईपर्यंत मास्तर मान वर करत नसत.

मी धारेहून देवासला शिकायला आलो त्या दिवशीही तेच झाले. माझ्या काखेत वळकटी आणि हातात काकांची चिठ्ठी. मास्तरांनी चिठ्ठी न वाचताच खिशात घातली आणि म्हणाले, "त्या कडुनिंबापर्यंत जाऊन ये." मी गेलो, आलो.

"चवड्यांवर चालतोस. घरात रागीट कोण?"

"काका," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते निघालेच कसे, याचे मलाच नवल वाटले.

"असू दे. डरपे मती, भिया, भिऊ नको. इथं टाचा टेकून चाल. शाळेत कोणी झोपलेलं नाही."

मास्तरही मूळचे धारेचेच. त्यांचे वाडवडील तिथल्या पागेवर नोकरीला होते आणि आजोबा घोडा घेताना फक्त खूर पाहत, असे ते सांगत. नातवाच्या वाट्याला घोडे आले नाहीत, आम्ही आलो. वर्गात ते भूगोल शिकवत, तोही बरा शिकवत. पण त्यांचा जीव होता आट्यापाट्यांत.

आमच्या शाळेची जागा चमत्कारिक होती. देवास एकच गाव, पण राज्ये दोन. रस्त्याच्या या अंगाला एका महाराजांचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्यांचा. शाळा बरोबर त्या हद्दीवर, म्हणून दोन्हीकडची मुले तिच्यात येत आणि शाळा चालवणारे पंचही दोन्हीकडचे. वर कॉलेजचा एकच वर्ग होता. त्या एका वर्गाच्या जोरावर आम्ही शाळेला ऐटीत कॉलेज म्हणत असू. पंचांचे कशावरही एकमत होत नसे. घंटा कोणत्या बाजूच्या शिपायाने वाजवायची, यावरून एकदा दोन दिवस शाळेला घंटाच झाली नव्हती. एकमत फक्त एका बाबतीत होते. संक्रांतीनंतर धारेच्या मुलांशी आट्यापाट्यांचा सामना होई, तेव्हा दोन्ही अंगांची माणसे एकाच बाजूला बसून ओरडत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मैदानाच्या काळ्या मातीत फावड्याने उथळ चर काढलेले असत. त्या पाट्या. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा. त्याने पाटी सोडायची नाही. आपण त्याला हुलकावणी देऊन एकेक पाटी ओलांडायची, शेवटापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. सगळ्या आडव्या पाट्यांना मधून छेदणारी एक उभी पाटी असते. तिच्यावर धावणारा तो सूर. सूर आणि पाटीवाला यांनी मिळून एखाद्याला चौकोनात अडकवले की झाली कोंडी.

मी पहिल्यांदा कोंडीत सापडलो तेव्हा समोरचा गडी दोन्ही हात पसरून असा काही झेपावला की मी डोळेच मिटले आणि बाद झालो. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून माझ्यापाशी वाकले. "हाताकडे काय पाहतोस? हात कुठंही फिरवता येतात. पाय बघ त्याचे. पाय पाटीला बांधलेत. हात भिववतो, पाय खरं सांगतो." मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "कोंडीत सापडलात तर उभे राहा, थकवा त्याला. अडवणाऱ्याचेही पाय दुखतात रे. त्याला वाटतं, आपणच तेवढे उभे आहोत."

त्यांच्या मागे आम्ही त्यांची नक्कल करत असू. "पग देख, भिया, पग देख!" म्हणत कोणीतरी लंगडत चाले आणि बाकीचे हसून लोळत. मास्तरांनी एकदा ते पाहिले. म्हणाले, "चूक. मी उजव्या पायानं लंगडतो."

मग ती दोन वर्षे आली, ज्यांत माणसे हळू बोलू लागली. दक्षिणेत धरपकड चालली होती. कोणाचे छापखाने बंद झाले, कोणाच्या घराच्या झडत्या झाल्या, अशा बातम्या येत, आणि बातमी सांगणारा आधी दार लावून घेई. माझ्या ट्रंकेच्या तळाशी पुण्याहून हातोहात आलेली, इंग्रज सरकारविरुद्धची चार पत्रके होती. मी त्यांच्यावरच वाढलो होतो म्हणा ना. ती मला तोंडपाठ होती. रस्त्यात शिपाई दिसला की त्यातली वाक्ये माझ्या कपाळावर उमटली आहेत असे वाटून मी घाम पुशी. मी मास्तरांना विचारले, जाळून टाकू का?

"जाळल्याचा वास पहिला शेजाऱ्याला येतो," ते म्हणाले. "वाचलीस ना? पुढं दे कोणाला."

याच दिवसांत छत्रीवाला आला. काळा लांब कोट, डोक्यावर लाल पागोटे आणि ऊन नसतानाही उघडलेली छत्री. सकाळच्या खेळाच्या वेळी तो मैदानाच्या कडेच्या दगडावर येऊन बसे. बोलत नसे. फक्त पाही. दुसऱ्या दिवसापासून गावात बातमी पसरली की इंग्रजांच्या छावणीतून माणूस आला आहे. तिसऱ्या दिवशी वाण्याने सांगितले, तो मुलांची चौकशी करतो. हा कोणाचा? वडील काय करतात? संगत कोणाची? वाचतो काय?

"कोणत्या मुलाची?" मी विचारले.

वाण्याने माझ्याकडे पाहिले आणि गूळ तोलायला वळला.

मैदानात उतरलो की पाठीवर त्या माणसाची नजर चटका दिल्यासारखी लागे. ट्रंक उघडायचा धीर होईना आणि तिच्यापासून दूर जायचाही होईना. माझ्याशी रोज बोलणारी मुले मी पाणवठ्यावर आलो की उठून जाऊ लागली.

पंचांतले थोर गृहस्थ बापूसाहेब. पेन्शनर, सज्जन, देवभोळे माणूस. त्यांनी मास्तरांना बोलावले, तेव्हा मी बाहेरच्या ओट्यावर होतो.

"मास्तर, ही मुलं 'कोंडी फोड, कोंडी फोड' म्हणून ओरडतात. ऐकणाऱ्यानं काय समजावं?"

"कोंडी फोडायची आहे, असं समजावं."

"थट्टा नको. आणि रांगेत उभं राहणं, चर खणणं... साहेबाला वाटेल, पलटण तयार होतेय. हे चर कशासाठी, विचारलं तर मी काय सांगू?"

"पाय ठेवण्यासाठी."

"मला मुली आहेत, मास्तर!" बापूसाहेबांचा आवाज फुटला. मास्तर नंतर मला म्हणाले, "त्यांच्यावर रागावू नको. त्यांनी जोडे उलटे घातले होते, डावा उजव्यात. इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं."

हुकूम निघाला की खेळताना ओरडायचे नाही. आम्ही मुक्याने खेळू लागलो. त्या सकाळी अजून माझ्या अंगावर येतात. धापा ऐकू येत, मातीवर पाय आपटल्याचा आवाज येई, बाद झालेला गडी तोंडातून शब्द न काढता बाहेर जाऊन उभा राही, आणि कडेला ती काळी छत्री. आठवड्याने दुसरा हुकूम आला, चर बुजवा. आम्ही राखेच्या रेघांवर खेळू लागलो. मग धारेचा सामना रद्द झाला. मला वाटले, एवढ्यावर यांचे भय भागेल. भय असे भागत नाही. ते जेवढे खाते तेवढी त्याची भूक वाढते, हे मी तेव्हा शिकलो आणि आता कोणालाही सांगायला तयार आहे.

"हा पोलीस नव्हे," मास्तर एका सकाळी म्हणाले.

"कशावरून?"

"जोड्याची टाच मुडपून घालतो. पळणाऱ्याला धरायला आलेला माणूस जोडा असा घालत नाही. आणि काल त्यानं पुजाऱ्याला तुझं गोत्र विचारलं."

"वॉरंटवर लिहायला असेल," मी म्हणालो. मास्तर इतके हसले की मुक्याने खेळणारी मुले थांबून पाहू लागली. मला हसू आले नाही.

इतक्या दिवसांत त्या माणसाजवळ जाण्याची छाती गावात एकालाही झाली नव्हती. मास्तर लंगडत सरळ त्याच्यापुढे गेले. मी मागे होतो, कारण मास्तरांनी माझे मनगट धरले होते.

"राम राम, भिया. कुठले आपण?"

छत्रीवाला गडबडून उठला. "बदनावरचा. माफ करा मास्तर, जरा पूछताछ केली मुलाची. गैरसमज नको." मग माझ्याकडे पाहून त्याने मान खाली घातली. "माझी मुलगी लग्नाची आहे."

त्याच्या थोरल्या मुलीसाठी एकदा उघड विचारल्यावर नकार आला होता आणि लोकांनी बोट मुलीकडे दाखवले होते. म्हणून यंदा त्याने ठरवले, आधी चोरून पाहायचे, मग शब्द टाकायचा. "बैठकीत बसवून दाखवलेला मुलगा सगळ्यांचाच चांगला दिसतो," तो म्हणाला. "हरल्यावर कसा वागतो ते पाहावं म्हटलं. पण तुमची मुलं हरल्यावर बोलतच नाहीत! मुकी आहेत की काय, म्हणून जास्त दिवस थांबलो."

मी आनंदाने धावत शाळेत गेलो. पंच जमलेलेच होते. मागून आलेल्या मास्तरांनी सारे सांगितले. कोणी हसेल असे मला वाटले. कोणी हसले नाही.

"हा वधूपिता निघाला," बापूसाहेब हळूच म्हणाले. "उद्याचा निघेल कशावरून?"

त्या खोलीत दोन्ही अंगांचे पंच होते. इतक्या वर्षांत ज्यांना घंटा कोणी वाजवायची ते ठरवता आले नव्हते, त्यांचे शाळा बंद करण्यावर एका सकाळीत एकमत झाले. कोणी हुकूम दिला नव्हता. कोणी साहेब आला नव्हता. दार ठोठावले जाण्याआधीच आम्ही आतून घर मोडले.

मास्तरांनी हात जोडले. त्या एकाच वेळी मी त्यांना माणसांच्या तोंडाकडे पाहताना पाहिले. "कॉलेजचा वर्ग बंद करा. माझा पगार बंद करा. मैदान राहू द्या. मुलं राखेच्या रेघांवर खेळतील, रेघा पुसून घरी जातील."

"तेच तर," कोणीतरी म्हणाले. "पुसून का गेले, असं विचारतील."

शेवटच्या दिवशी घंटा झाली नाही. मुले मैदानात आली. रेघा आखायला राखही नव्हती. मास्तर म्हणाले, "उभे राहा. पाट्या कुठं होत्या ते पायांना ठाऊक आहे." आणि खरोखर, कोऱ्या मातीवर जो तो आपल्या जागी उभा राहिला. मास्तर सूर होऊन धावले, लंगडत. कोणी ओरडले नाही. तशी मनाईच होती. मग मास्तर स्वतःच भर मैदानात गरजले, "फोड रे, कोंडी फोड!" रस्त्यावरची दोन माणसे झपाट्याने गल्लीत शिरली. आम्ही मुले मात्र ओरडलो. घसा बसेपर्यंत ओरडलो आणि ओरडताना भीतीने आमच्या डोळ्यांतून पाणी येत होते.

बदनावरकरांनी पुढे शब्द टाकला नाही. शाळाच बंद झाल्यावर मुलगा काय करतो म्हणून सांगणार, असा निरोप त्यांनी पाठवला. रास्तच होते ते.

मास्तर धारेला परतले आणि तळ्याकाठी एका खोलीत राहू लागले. मीही धारेला आलो, एका साप्ताहिकात लिहू लागलो, मिळेल ते शिकवू लागलो. मी मैदानाचा विषय काढला की ते माझ्या जोड्यांविषयी बोलत. त्यांच्या शेवटच्या तापात मी पायथ्याशी बसलो होतो. त्यांनी पांघरुणाखालून पाऊल बाहेर काढले आणि मला दाखवले. टाच पिवळी पडली होती. "किती वर्षं उभा होतो बघ," ते म्हणाले. "तूही उभा राहा. पण ओरडत जा." त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

गेल्या महिन्यात, त्या शाळेविषयी मी लिहिलेला लेख छापून आल्यावर, माझ्या दारात एक माणूस उभा राहिला. हा मात्र वधूपिता नव्हता. त्याने माझे नाव विचारले. तो लेख मीच लिहिला का, असे विचारले. त्याचा एक हात कमरेच्या पट्ट्यावर होता आणि मी त्या हाताकडे पाहतच राहिलो, किती वेळ कोण जाणे.

मग खाली पाहिले. जोडे भारी, नवे, बोटांना आवळणारे. तो एक टाच उचलून अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेत होता, पुन्हा या पायावर, पुन्हा त्या. उंबऱ्याबाहेर तो बराच वेळ उभा असावा.

"मीच लिहिला," मी म्हणालो. "बसता का?"

माझा आवाज कापत होता. पण मी पाहिले, माझ्या टाचा टेकलेल्या होत्या.