घरी लागलं

नेदरलँड्समधल्या आमच्या कापेल आन डेन आयसेल गावात मराठी मंडळींपैकी कोणालाही डचची अडचण आली की सुचेता परांजपेला फोन जायचा. मुलांच्या शाळेतली मीटिंग असो की खेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, अडकलेलं काम असो, ती सायकलवर टांग मारून यायची आणि काम करून द्यायची. बाकीच्यांचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, त्यामुळे इतकी वर्षं इथे राहूनही कोणी धड डच शिकलं नव्हतं. सुचेता शिकली, कारण तिला ऑफिस नव्हतं.

पुण्यात ती एका सहकारी बँकेत होती. नवऱ्याला, प्रकाशला, रॉटरडॅममध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली तेव्हा तिने राजीनामा दिला. मुलगी संहिता इथल्या शाळेत जाऊ लागली आणि बघता बघता आईलाही डचमध्येच उत्तरं देऊ लागली. लेकीचं बोलणं कळावं म्हणून सुचेताने लायब्ररीतल्या भाषावर्गात नाव घातलं. परीक्षा दिल्या, पास झाली. नोकरीसाठी केलेल्या अर्जांना मात्र कोणी उत्तर देईना. चाळिशी उलटल्यावर कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका एजन्सीने तिला बोलावलं. एका चिकनच्या कारखान्यात कामाला लावलेली गोव्याची माणसं त्यांच्याकडे होती आणि त्या माणसांशी बोलायला कोणी नव्हतं.

गोव्याची माणसं इथे कशी, असं आम्हाला वाटलं होतं. आजोबा-वडील पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले असले की मुला-नातवंडांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो, आणि तो मिळाला की युरोपात कुठेही काम करता येतं. त्या वाटेने ही कोकणी-मराठी बोलणारी मंडळी आली होती. त्यांत डिचोलीकडचा वासुदेव गावकर होता. खाणीवरच्या ट्रकांचा मेकॅनिक. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, तसं त्याचं कामही थांबलं. गावच्या जत्रेत तो दर वर्षी मराठी नाटकात राजाचं काम करायचा, त्यामुळे त्याचं मराठी जरा भरजरी होतं. पहिल्याच भेटीत तो सुचेताला म्हणाला, "आपण आलात, आता आम्हांस वाचा फुटली." सगळे हसले. पुढे तो तिला वैनी म्हणायला लागला आणि ती त्याला वासुदेवबाब.

सुचेताला नोकरीचं फार अप्रूप होतं. गळ्यात ओळखपत्र घालून ती निघायची तेव्हा प्रकाश तिचे फोटो काढायचा. कारखान्यात पहिल्यांदा गेली तेव्हा मात्र तिला थंडीनेच गप्प केलं. मांस खराब होऊ नये म्हणून हॉल फ्रिजसारखा गार ठेवलेला, यंत्रांच्या आवाजामुळे प्रत्येकाच्या कानांत बोळे, आणि समोरून कोंबड्यांची रांग अशी पळत होती की मान वर करायची सोय नव्हती. संध्याकाळी बायकांना मुठी उघडता यायच्या नाहीत. सगळे एका जुन्या सुट्टीच्या पार्कातल्या बंगल्यांत राहायचे, एकेका खोलीत चौघं. बंगलेही एजन्सीचेच. उद्या काम आहे की नाही, हे आदल्या संध्याकाळी मोबाईलवर कळायचं. काम नसलं तर पगार नाही, भाडं मात्र कापलं जायचं. आणि काम सुटलं की घरही सुटायचं.

हे सगळं त्यांना समजावून सांगणं हे सुचेताचं काम. एजन्सीचा साहेब योरिस डचमध्ये जे तोडून बोलायचा, ते ती मराठीत मऊ करून सांगायची. माणसांची तक्रार डचमध्ये सांगतानाही ती तिच्या कडा घासून गुळगुळीत करायची. "हीटर चालत नाही, पोरं आजारी पडतील" याचं "हीटर जमेल तेव्हा बघता का" व्हायचं. दोन्हीकडे भांडण होत नव्हतं, म्हणून आपण चांगलं काम करतोय असं तिला वाटायचं. योरिसही तिचं कौतुक करायचा. शेवटी हीटर वासुदेवनेच उघडून दुरुस्त केला.

नाताळच्या आधी मागणी वाढली आणि कारखान्याने रांगेचा वेग वाढवला. कोंबडीची कातडी सोलणारं यंत्र सारखं अडकू लागलं. ते बंद करून साफ करायचं तर सगळी रांग थांबते, म्हणून त्यावरची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. चालू यंत्रातच हात घालून अडकलेला तुकडा ओढायचा, अशी पद्धत पडली होती. एका दुपारी वासुदेवने तसा हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं आत गेली.

सुचेता इस्पितळात पोचायच्या आत योरिसचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. कारखान्यात अपघात झाला असं नोंदलं गेलं की सरकारी तपासणी येणार, रांग बंद होणार, आणि ऐन नाताळात तुझ्याच माणसांचं काम जाणार, असं तो म्हणाला. वासुदेव बंगल्यात काहीतरी दुरुस्त करताना पडला असं सांग, तो तसाही सतत काहीतरी उघडून बसलेला असतो. त्याची नोकरी मी राखतो, माझा शब्द.

आत वासुदेव पलंगावर बसला होता, चेहरा पांढराफटक. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघूनच विचारलं की हे कसं झालं. वासुदेवने सुचेताकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "यंत्र चालू होतं. जाळी नव्हती. बंद करू देत नाहीत, असं सांगा, वैनी."

सुचेता डचमध्ये म्हणाली, "घरी लागलं. हीटर दुरुस्त करत होते."

डॉक्टरबाईंनी जखमेकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. आणखी काही विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण बाहेर रांग होती. त्यांनी तसं लिहून घेतलं. तुटलेल्या शिरा जोडल्या. पुढे बरेच आठवडे बोटांचे व्यायाम करून घ्यावे लागतील, नाहीतर ती वळणार नाहीत, असं बजावून सांगितलं. हे मात्र सुचेताने जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

नाताळ झाला. रांग थांबली नाही, कोणाचं काम गेलं नाही. फक्त वासुदेवच्या मोबाईलवर काम असल्याचा निरोप येणं बंद झालं. काम नाही म्हणून पगार नाही, काही दिवसांनी विमा नाही, म्हणून व्यायामही नाही. मग बंगला रिकामा करायला सांगितलं. सुचेता योरिसकडे गेली आणि तुम्ही शब्द दिला होता, असं म्हणाली. तो म्हणाला की घरी पडलेल्या माणसाची जबाबदारी कारखाना कशी घेणार? हे तो इतक्या सहज म्हणाला, की तिला क्षणभर वाटलं, याला खरंच तसं झालंय असं वाटू लागलंय.

तिने घरी प्रकाशला सगळं सांगितलं आणि वासुदेवला काही दिवस आपल्याकडे आणू या का, असं विचारलं. प्रकाश वाईट माणूस नाही. पण तो घाबरला. ज्याच्या बाबतीत तू खोटं बोललीस त्या माणसाला घरात ठेवायचं, उद्या प्रकरण बाहेर आलं तर काय, असं म्हणाला. सुचेताने फार वाद घातला नाही. वासुदेव लिस्बनला एका गाववाल्याकडे गेला आणि तिथून डिचोलीला परत. त्याला स्टेशनवर सोडायलासुद्धा ती गेली नाही. त्या दिवशी दुसऱ्या एका बाईला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

उन्हाळ्यात त्याच यंत्रात एका रुमानियन मुलीचा हात गेला. तिची मैत्रीण चांगलं डच बोलत होती, आणि तिने डॉक्टरांना झालं तसंच सांगितलं. तपासणी आली. अधिकारी बाई एजन्सीच्या लोकांशी एकेक करून बोलल्या. सुचेताला त्यांनी फक्त याआधी असं काही झालं होतं का, एवढंच विचारलं. ती नाही म्हणून उठू शकली असती. तिने सगळं सांगितलं. योरिसचा फोन, इस्पितळ, आपलं वाक्य. मध्ये एकदा पाणी मागितलं, तेवढंच. एजन्सीने तिला पुन्हा बोलावलं नाही.

कामगारांच्या वतीने लढणाऱ्या एका वकिलाने सांगितलं की वासुदेवने स्वतः साक्ष दिली तर त्याचंही प्रकरण उभं राहील. म्हणून सुचेताने इतक्या महिन्यांनी त्याला व्हिडिओ कॉल केला. तो घराच्या पडवीत बसला होता. तिने हात दाखवायला सांगितला. दोन बोटं सरळच राहिली होती. स्पॅनर धरता येत नाही, भावाच्या दुकानात बसतो, असं तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच तिला ऐकवेना.

"वासुदेवबाब, मी त्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं नाही," ती म्हणाली. "घरी लागलं म्हणाले."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "घरी म्हणजे 'टाउस'. तेवढं डच मला येत होतं."

मग तुम्ही बोलला का नाहीत, असं तिने विचारलं.

"वैनी, तुम्ही आमचं माणूस. मला वाटलं, यात माझंच काही बरं असेल म्हणून तसं सांगताय."

त्याने साक्ष दिली. प्रकरण अजून चालू आहे. कारखान्याचं म्हणणं असं, की इस्पितळाच्या नोंदीत घरचा अपघात आहे आणि दुभाषीण आता नोकरी गेल्याच्या रागाने बोलते आहे. वकील म्हणतात, निकाल आपल्या बाजूने लागेल, पण वेळ लागेल. हात काही परत यायचा नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

आता आमच्यापैकी कोणी फोन केला तर सुचेता येते, पण आधी सांगून ठेवते की तुम्ही बोलाल तेच मी बोलेन, राग असेल तर रागासकट. परवा एका आईचं शिक्षिकेशी चांगलंच वाजलं. त्या आईने नंतर आमच्याकडे कुरकुर केली की सुचेता पूर्वीसारखी सांभाळून घेत नाही. सुचेताने ते ऐकलं होतं. तिने सायकलचं कुलूप काढलं आणि ती घरी गेली. वासुदेवला ती दर महिन्याला फोन करते. तो जत्रेच्या नाटकाच्या गोष्टी सांगतो, ती ऐकते.