हाय, पण मानत न्हाई

उंब्रजजवळच्या त्या गावात १९४३ साली देव खरोखरच होता. कौल मागितला की डोंगरोबा पाषाणातून बाहेर येई, विंचू उतरवी, पाऊस पाडी. तरीही बनुबाई नास्तिक होती. नवरा पलटणीत, ऊस ती एकटी सांभाळी. देवळापुढून जाताना हात न जोडता नुसतं "बरं हाय न्हवं?" एवढं विचारी.

शेवटी गावकऱ्यांनी ठरवलं, पाया पडली नाही तर तिला गावविहिरीचं पाणी बंद. हंबीरराव पाटलांनी त्यासाठी कौल लावला. देव बाहेर आला.

"आगं, समोर उभा हाय की देव!" पाटील ओरडले.

"हाय की. मी कवा न्हाई म्हनले?" बनुबाई म्हणाली. "तुमीबी हायसा. म्हनून काय तुमास्नी मानते व्हय?"

देव इतका हसला की देवळातली घंटा आपोआप वाजली. "हिचं पानी तोडायचं न्हाई," तो म्हणाला.

"आता तरी पड की पाया!" पाटील काकुळतीला आले.

"कशापायी? पानी माजंच हुतं."

देवाचा शब्द मोडायची छाती गावात एकट्या बनुबाईची होती, आणि तिनं तो खुशाल पाळला. घागर उचलून ती विहिरीकडे निघाली.