भरला हात

बांगड्या भरायच्या म्हंजी बाईचा हात आपल्या हातात घ्यावाच लागतोय. आणि हात धरला की बाईचं तोंड सुटतंय! म्हणून तर आमच्या दुकानात बांगड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले. बांगड्या निदान फुटत्यात तरी.

आम्ही मणेर, म्हंजी बांगडीवाले. महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात बोळातलं आमचं दुकान. आमचे हे माल आणायचे, मी भरायची. बायका मला चाची म्हणायच्या. हात मऊ लागला, तर बाई खरंच बांगड्या भरायला आलीया. लाकडावाणी ताठ लागला, तर हिच्या घरात कायतरी झालंय, आणि ही आज गरजेपेक्षा जास्त घेणार! ताठ हातात बांगडी चढवली की फुटती. म्हणून मी आधी बोलायची, मग भरायची. भरून झालं की वर आशीर्वादाची एक बांगडी, माझ्याकडनं फुकट. ती कधी चुकवली न्हाय.

* * *

एक वकीलीणबाई होत्या. सासूबरोबर खटका उडाला की टांगा थेट आमच्या दारात! "चाची, नव्या फॅशनच्या काढा!" मी आधी पंख्यानं वारा घालायची.

एकदा त्या बसल्या असतानाच दुसरा टांगा थांबला. त्यातनं सासूबाई उतरल्या! एकीचं तोंड ह्या भिंतीकडं, दुसरीचं त्या. सासू म्हणाली, "हिला भरल्यात त्याहून जास्त भर." सून म्हणाली, "त्यांच्याहून एक जास्त." मी आपली दोघींच्या मधी घाम पुसतीया! शेवटी एक टांगा रिकामा परत गेला. दोघी एकाच टांग्यात बसल्या, पण बोलल्या न्हाईत.

दोन दिवसांनी वकीलसाहेब स्वतः दारात. इकडंतिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "चाची, पुरुषमाणसानं घ्यावं असं काही आहे का हो तुमच्याकडं?"

* * *

कसबा बावड्याची तनू मात्र भांडून येणारी नव्हती. नवरा पलटणीत, गोऱ्या साहेबाच्या लढाईला बोटीनं पार बसऱ्याकडं गेलता. पहिल्यांदी कागद यायचे, मग यायचे बंद झाले. तवापासनं ही दर बाजारला हजर. "चाची, भर."

मनगटापासनं कोपरापर्यंत हिरवा चुडा! म्हणलं, "अगं, हातावर जागा तर पायजे का नको?"

"वर सरकव की!"

"सासू बोलत न्हाय व्हय तुला?"

"बोलती की! बोलू दे. हात भरला असला म्हंजी त्यो हाय, चाची. एक बी जागा रिकामी ठेवू नगं."

सरकवल्या वर. आशीर्वादाची एक दिली, ती पण वरच सरकवली.

* * *

लढाईच्या कितीतरी आधी प्लेग आलता. गाव मोकळं झालं, समदी माळावर झोपड्या घालून राहिली. मी टोपली घेऊन तिथंच जायची. भांडीकुंडी गावात टाकून आलेल्या बाया माझ्याकडनं फण्या, मणी, काय वाट्टंल ते घ्यायच्या. एक म्हातारा लय भडकला. "हितं जिवावर बेतलंय, आणि ह्या भवान्यास्नी नटायचं सुचतंय!"

दुसऱ्या दिवशी त्योच आला. टोपलीत हात घालून आरसा उचलला.

म्हणलं, "का वो पावणं, आता तुमी नटताय व्हय?"

"नटतोय कशाला? सकाळी उठून बघाय पायजे की, हाय का गेलो!"

हसता हसता माझ्या डोळ्याला पाणी आलं. आरसा पैसे न घेता तसाच दिला त्याला.

* * *

आणि आमचे हे काय कमी! थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण. ती आत ओरडतीया, सुईण म्हणली, सुंठ आणा. हे पळाले. किती वाट बघावी! आले तवा बगलेत चटई, हातात कंदील, आणि दुसऱ्या हातात कापशी घाटाच्या कातडी चपला. केवढ्या? दोन बोटांएवढ्या!

म्हणलं, "पोर अजून बाहेर न्हाय आलं, आणि तुमी त्याला चालाय लावलं व्हय! सुंठ कुठाय?"

ह्यांनी कंदील खाली ठेवला. "या अल्ला! सोंठ तो रह गई!"

पोरीवर लय जीव हो त्यांचा. मी चपला घेतल्या आणि ह्यांना परत पिटाळलं.

* * *

लढाई संपली. बावड्याची काही पोरं आली, काही न्हाईच आली. तनूचा नवरा आला! मला कळलं तवा मी दुकानातच टाळ्या पिटल्या. चांगल्यातल्या हिरव्या बांगड्या बाजूला काढून ठेवल्या, म्हणलं आता जोडीनं येतील.

तनू आली, पण एकटीच. दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळलेले. बसली, पदर सोडला, हात पुढं केले.

"काढ, चाची."

नवरा जिता असलेल्या सवाशिणीनं आमच्या दुकानात असं म्हणायचं नसतंय. "अगं तने! आला न्हवं त्यो? बरा हाय न्हवं?"

"आलाय की. हातपाय धड हायत."

"मग गं?"

"भाकरी थापाय बसले की ह्या वाजत्यात. त्या आवाजानं त्यो दचकतोय. उठून कणगीमागं जाऊन बसतोय, कान दाबून. हाका मारल्या तरी येत न्हाय."

हात धरला तर लाकडावाणी ताठ. लय वेळ नुसता चोळत बसले. मग एकेक उतरवली. पण मोकळा हात कसा पाठवायचा? एका हातात एक ठेवली, दुसऱ्यात एक. तिनं मनगट कानाशी नेऊन हलवून बघितलं. मग दुसरं. आवाज न्हाय.

उठाय लागली. सवयीनं मी आशीर्वादाची एक उचलली आणि तिचा हात धरला.

तनूनं माझं मनगट धरलं.

"नको चाची," म्हणली. "दोन झाल्या की बोलत्यात."