टू पॉइंट एटच्या काकू

कुणी नवी लेन्स कौतुकानं दाखवायला आणली, तरी आमच्या इंदिरानगरातल्या स्टुडिओवाल्या काकू ती हातात घेत नसत. आधी विचारत, "लांबी किती? उजेड आत जातो ते तोंड किती? भागाकार कर, मग बोलू." पासपोर्ट फोटो काढून संसार केलेल्या या बाईंना ताऱ्यांचे फोटो काढायचं वेड कुठून लागलं, देव जाणे.

मी दोनशे मिलिमीटरची जंगी लेन्स मिरवत गेलो, तेव्हा माझाही पोपट झाला. तोंड जेमतेम छत्तीस भरलं. "दोनशे भागिले छत्तीस, म्हणजे एफ साडेपाच," काकू म्हणाल्या. "माझी ही पन्नासची चिमुकली बघ. तोंड अठ्ठावीस, म्हणजे एक पॉइंट आठ. आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त. तुझी नुसतीच उंच वाढलीय." मी महिनाभर त्यांच्याकडे फिरकलो नाही.

गंमत म्हणजे ती चिमुकली त्या कधी पूर्ण उघडत नसत. उघडली की कोपऱ्यातले तारे फिसकटतात, म्हणून तोंड आवळून कायम टू पॉइंट एटवर. उजेड निम्म्याहून कमी मिळतो, एकावर एक रचायला फोटो जास्त काढावे लागतात. "मग काढायचे. घाई कुणाला आहे?" या एका आकड्यावरून मी त्यांच्याशी किती वाद घातले, एकदाही जिंकलो नाही.

मग त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेला. डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. मृग नक्षत्रातला गुलाबी तेजोमेघ आणखी एकदा आपल्या फोटोत बघायचा, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

थंडीतल्या एका संध्याकाळी मी त्यांना घोटीजवळच्या ओळखीच्या शेतावर नेलं. शेतमालकानं खुर्ची आणून दिली. "लय गारठा हाय काकू, शाल घ्या." चिमुकलीतून नेहमीसारखा टू पॉइंट एटवर पहिला फोटो निघाला. काकूंनी स्क्रीन नाकाशी धरली. "नुसता अंधार आहे रे." दुसरा काढला, तेच. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. मग हळूच म्हणाल्या, "पूर्ण उघड."

मी उघडली. या वेळी त्यांचं बोट स्क्रीनवर फिरत फिरत बरोबर त्या गुलाबी ठिपक्यावर थांबलं. "हा काय, आहे." थोड्या वेळानं विचारलं, "कोपरे कसे आलेत?"

"एकदम स्वच्छ," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. उघडल्यावर बिघडतातच ते. बिघडू देत. मला दिसला."

परतताना गाडी चालवताना माझे डोळे वाहत होते. शेजारी बसलेल्या काकूंना ते दिसत नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त रडू येत होतं.