बाबनरावांच्या कादंबरीची मागची बाजू

दुर्गेशने मोठ्या हौसेने शेजारच्या बाबनराव हेडाऊंच्या कादंबरीची झेरॉक्स काढून पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवली होती. साभार परत आलेलं ते बाड त्याने वर्षभराने उघडलं, तेव्हा कळलं की आपण पानांची एकच बाजू काढली.

बाबनरावांनी नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणली. सूत वाया घालवायचं नाही, तसा कागदही; वही दोन्ही बाजूंनी भरलेली. मरायच्या आधी आपलं पुस्तक छापलेलं पाहावं, एवढीच इच्छा. प्रकाशकाने वेगळ्या पत्रात लिहिलं होतं, ‘भाषा जिवंत आहे, पण कथेचे धागे मध्येच तुटतात.’ ते पत्र आलं त्या दिवशी बाबनराव जेवले नव्हते.

दुर्गेशने जाऊन सगळं कबूल केलं.

“म्हणजे सासरा मरते ते पान गेलंच नाही?”

“नाही काका.”

“अन् त्याच्या तेरवीचं गेलं?”

“हो.”

“मंग त्यायले वाटलं असंल, नागपुरात जित्या माणसाची तेरवी करते.”

दुर्गेशला हसू आलं, पण म्हातारा हसत नव्हता.

“काका, वही द्या. उद्याच पूर्ण पाठवतो.”

बाबनरावांनी वही पुढे केली. पानं खोडून खोडून काळी झालेली, मध्ये चिठ्ठ्या डकवलेल्या. धागा तुटला की सांधायचा, हा हाताचा धर्म. पत्र आल्यापासून ते वर्षभर कथा सांधत बसले होते.

“अहो, पहिलं होतं तेच पाठवू ना!”

“पहिलं काय होतं, मलेच आठवत नाही गा.”