पाखऱ्याची झूल

माझी सून राजेश्री विद्यापीठात यंत्रं सांभाळते. आमच्या झरी गावात कुणी विचारलं की मी मोठ्या हौसेनं सांगतो, तर समोरचा म्हणतो, "म्हंजे मेकॅनिक का?" झालं, मला बोलायला निमित्त मिळतं. मेकॅनिक नव्हे बाबा. महागाची यंत्रं प्रत्येक विभागाला वेगवेगळी कुठून आणणार? म्हणून सगळ्यांची मिळून एका इमारतीत ठेवलीत. मातीवाले येतात, बियाणंवाले येतात, रोगवाले येतात. कुणाची बारी कधी, कुणी काय सांडलं, कुणी दार उघडं टाकलं, सगळा जिम्मा हिचा. चार भावांत एक विहीर असली की पाण्याची बारी लावावी लागते ना, तसंच. फक्त इथं भांडणारे भाऊ प्राध्यापक असतात.

बाई कडक. मोठमोठे साहेब तिच्या दारात चपला काढतात. मी गावातल्या शाळेत सातवी शिकलेला माणूस, एकदा बघायला गेलो तर म्हणाली, "मामा, हात मागं." सून मला मामा म्हणते. मी हात मागं बांधून सगळीकडं फिरलो, शाळा तपासायला साहेब आल्यावर फिरायचो तसा.

तिथं कपाटाएवढा एक फ्रीजर आहे. घरचा फ्रीज बर्फ करतो, हा शून्याच्या खाली ऐंशीवर जातो. त्याच्या पायाशी जाळी आहे, तिच्यातून तो हवा ओढतो. श्रीनिधी नावाचं एक पोरगं तुरीची उभी झाडं वाळवणाऱ्या मर रोगावर पीएचडी करायलंय. उन्हाळ्यात त्यानं घाईघाईत आपला पांढरा कोट त्या जाळीवर टाकला. राजेश्री चारचौघांत कडाडली, "तुझ्या नाकावर उशी ठेवू का? त्यालाबी श्वास लागतो!" पोरगं लालेलाल झालं. घरी येऊन तिनंच हे सांगितलं आणि आम्ही लय हसलो.

आता झुलीचं ऐका. पाखऱ्या माझा बैल. आमच्या मंडळींनी, दगडाबाईनं, त्याच्यासाठी झूल शिवली होती. जाड कापड, त्यावर आरशाचे तुकडे, कडेनं गोंडे. पोळ्याला एका पाहुण्यानं बैल सोडून झुलीचाच भाव विचारला होता! पुढं पाखऱ्या गेला, ट्रॅक्टर आला, झूल ट्रंकेत राहिली.

खंडेनवमीच्या सकाळी राजेश्री म्हणाली, "मामा, आज आमच्या यंत्रांची पूजा. त्यात सगळ्यांत जास्त राबतो तो फ्रीजर, त्याला एक दिवस सुट्टी नाही. झूल देता का?" मी हरखून गेलो. स्वतः झटकून दिली.

तिनं यंत्रं पुसली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. फ्रीजरच्या दाराआडच्या चौकटीला कुंकू लावताना दार जास्त वेळ उघडं राहिलं, तशी त्याची घंटी कोकलायला लागली. तिनं ती बंदच करून टाकली. मग झूल पांघरली, पार गोंडे फरशीला टेकेपर्यंत. विभागाचे मुख्य मार्तंड सर, त्यांनी फोटो काढले. संध्याकाळी झूल काढायची, तर आमच्याकडं दसऱ्याचं सोनं वाटल्याशिवाय मांडलेली पूजा हलवत नाहीत. "राहू दे उद्यापर्यंत," ती म्हणाली. दसऱ्याला पाहुणे आले, मागून रविवार आला. राहिली.

सोमवारी सगळ्यांच्या आधी ती पोचली. फ्रीजर कोमट. दार उघडलं तर पायावर पाणी आलं. गंगाखेडपासून राणीसावरगावपर्यंत शेतं हिंडून श्रीनिधीनं गेल्या साली आणि यंदा जमवलेल्या रोगट तुरीच्या मुळ्या, नळ्यांत भरून ठेवलेल्या, सगळ्या लिबलिबीत झालेल्या. तिनं आधी झूल काढली, घडी घालून पिशवीत कोंबली. मग सरांना फोन केला. आधी काय केलं आणि मग काय, ते ती अजून विसरत नाही.

लोक जमले. कुणी म्हणालं, "लाईट गेली असणार." मग साहजिकच जनरेटरचा विषय निघाला. लाईट गेली की तो चालू करायचं काम सटवाजीचं, ठेकेदाराकडचा राखणदार.

"साहेब, लाईट गेलीच न्हाई," सटवाजी म्हणाला.

"दसऱ्याला कुठं होतास?" सरांनी विचारलं.

"हितंच. बायकू हितं येऊन सोनं देऊन गेली. इचारा तिला."

"तिला काय विचारायचं? ती तुझंच सांगणार." सर म्हणाले, उद्या ठेकेदाराला कळवतो, दुसरा माणूस पाठव म्हणून.

राजेश्री खांद्याला पिशवी अडकवून तिथंच उभी. वर श्रीनिधीनं तिलाच चहा आणून दिला. "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्याइतकं कुणी जपत नाही त्याला."

घरी आली ती ताटावर बसेना. दगडाबाईनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, "झूल माझी, मी येतो सांगायला."

"झूल तुमची, मामा. पांघरली मी. घंटी बंद केली मी. लपवली तीपण मीच."

"मग सांगून टाक की," दगडाबाई म्हणाली. "आन् आधी दोन घास खा."

"सांगितल्यावर खाते."

"नोकरी गेली तर?" हे मी विचारलं.

"सटवाजीची जायलीय की, मामा."

सकाळी मी तिच्याबरोबर गेलोच. बाहेरच्या बाकावर बसलो, दार उघडंच होतं. तिनं सटवाजीला आणि श्रीनिधीला बोलावून घेतलं आणि सरांच्या टेबलावर झूल पसरली.

"हे जाळीवर होतं, सर. मी घातलं, मीच काढून लपवलं. लाईट गेली नव्हती. सटवाजी खरं बोलत होता."

सरांनी झुलीची कड उचलून पाहिली. मग म्हणाले, "फोटो तर मी काढले. मलाही दिसलं नाही." ठेकेदाराला फोन गेला नाही. वरून तिला ठपका मात्र आला, आणि तो तिनं मान खाली घालून घेतला.

सटवाजी एवढंच बोलला, "बाई, कालच बोलला असता तर घरात चूल पेटली असती."

श्रीनिधी झुलीवरच्या आरशांकडं बघत होता. "माझा कोट आठवला का तुम्हाला?"

"घालताना नाही आठवला. काढताना आठवला."

तो उठून गेला. त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणतो.

तूर अजून शेतात उभी होती, मर लागलेली झाडं मिळत होती. राजेश्री दर रविवारी कुदळ घेऊन त्याच्याबरोबर एसटीनं जायला लागली. मीपण जातो. शेतकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं काम माझ्याकडं, त्याला काही कुणी मला शिकवावं लागत नाही. यंदाच्या मुळ्या पुन्हा जमायल्यात. गेल्या सालच्या कुठून आणणार? गंगाखेडकडच्या एका वावरात तर आता ऊस उभा आहे. तिथनं जाताना ती उसाकडं बघत राहते.

परवा राणीसावरगावजवळ एक मूळ काळ्या मातीत असं रुतलं होतं की निघता निघेना. श्रीनिधी खालून उकरत होता, ही वरून ओढत होती. तो एकदम ओरडला, "ताई, जोर लावा!" आणि स्वतःच ऐकून मान खाली घालून पुन्हा उकरायला लागला. मूळ निघालं.

परतताना बसमध्ये मी तिला कोपरानं ढोसलं. "ताई म्हणाला बघ."

"चुकून म्हणाला, मामा," ती म्हणाली. मुळ्यांची पिशवी तिनं झरी येईपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.